जुनी जखम, ताजं दुःख आणि बरं होण्याचा निर्णय: सोलापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

समुपदेशनाचं काम करताना तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. कुणी समोर बसून विचारतं, कुणी रात्री उशिरा मेसेज टाकतं, कुणी मैत्रिणीचं म्हणून स्वतःचंच विचारतं. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतली ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

१. ताजं दुःख काय आणि जुनी जखम काय, दोन्ही दुखतातच. मग वेगळं कशाला काढायचं?

कारण दोघांना लागणारी गोष्ट वेगळी आहे आणि आपण नेमकी अदलाबदल करतो. घरात कुणी गेलं की तेराव्याच्या आत त्या माणसाला "आता सावर, कामाला लाग" म्हणून सांगायला सुरुवात होते. आणि वीस वर्षांपासून ज्याच्या मनात बापाचा मार रुतून बसलाय, त्याला आपण सांगतो, "जाऊ दे, वेळ गेला की विसरशील."

खरं तर ताज्या दुःखाला वेळ, झोप आणि सोबत द्यायची असते; ते उकरायचं नसतं. जुन्या जखमेला वेळ देऊन झालेलाच असतो. तिच्याकडे कधीतरी नीट बसून बघावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. माझं दुखणं ताजं की जुनं, हे मी कसं ओळखू?

तारखेवरून नाही. घटना कालची असते, दुखणं मात्र जुनं निघतं, असं कितीदा होतं.

एक ताई विड्या वळतात. माल द्यायला गेल्या तेव्हा मोजणाऱ्याने छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, जरा जास्त काढली. रोजचाच प्रकार. बाकीच्या बायका दोन शब्द सुनावून मोकळ्या झाल्या. या मात्र घरी आल्या, सूप मांडीवर घेतलं आणि अंधार पडेपर्यंत त्यांच्याकडून एक विडी वळली गेली नाही. बोटं थरथरत होती. बोलता बोलता निघालं ते असं: लहानपणी त्यांच्या विड्या छाटीत गेल्या की आई गल्लीतल्या बायकांसमोर "हिचा हातच वाकडा" म्हणायची आणि कात्रीच्या मुठीने बोटांवर मारायची. त्या दिवशी दुखलं ते या बोटांना.

म्हणून पहिली खूण म्हणजे प्रमाण: घडलं एवढंसं आणि लागलं जिव्हारी. दुसरी, त्या क्षणी आपण किती वर्षांचे असल्यासारखं वाटतं? चाळिशीतली व्यक्ती "आठ-नऊ" म्हणाली की मी कान टवकारते. तिसरी खूण बोलण्यात सापडते. ताजं दुःख सांगताना माणूस अडखळतो, रोज वेगळं काही आठवतं. जुनी गोष्ट पाठ झालेली असते, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून सांगितली जाते.

दोन्ही एकात एक गुंतलेली असू शकतात. तेव्हा आधी ताज्याकडे बघा (प्रश्न ३), जुन्याला घाई नाही.

३. ब्रेकअप होऊन तीन आठवडे झाले. जेवण जात नाही, झोप नाही. मित्र म्हणतात, "काय बे, अजून तेच घेऊन बसलास?" हे किती दिवस चालणार?

ठरलेला आकडा नाही, आणि तीन आठवडे म्हणजे काहीच नाहीत. मित्रांना तुमचं वाईट करायचं नाहीये. त्यांना तुमच्याकडे बघवत नाही, एवढाच त्या "काय बे"चा अर्थ.

दुःखाचे कढ येतात आणि ओसरतात. सुरुवातीला दिवसभर, मग संध्याकाळी, मग अधूनमधून. तोवर शरीर धरून ठेवणं एवढंच काम. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर गेलेला असताना उपाशीपोटी आणि पाण्याशिवाय फिरलात तर चक्कर येईल ती प्रेमामुळे नसेल. ताट पुढे ओढवत नसेल तर भाकरीचा चतकोर तुकडा दह्यात कुस्करून खा. दिवसातून एकदा तरी कुणासोबत तरी बसा. तिचं स्टेटस बघणं बंद करा. त्यातून तिची खबर मिळत नाही, तुमचं मीठ तुमच्याच जखमेवर पडतं. आणि या दिवसांत नोकरी सोडणं, पुण्याला निघून जाणं, घरच्यांनी आणलेल्या पहिल्या स्थळाला होकार देणं, यांतलं काहीही करू नका.

"सगळं बोलून टाक" म्हणून मागे लागणाऱ्यांनाही एक सांगते. मोठ्या आघातानंतर लगेच माणसाला एकाच बैठकीत बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत काही काळ फार चालली. तपासून पाहिल्यावर तिचा फायदा दिसला नाही, उलट काहींना त्रासच झाला. तो बोलला तर ऐका. बोलला नाही तर शेजारी बसा, चहा करा.

बहुतेक सगळा दिवस उदास, कशातच रस नाही, झोप-भूक गेलेली, स्वतःविषयी घृणा, असं जवळजवळ रोज दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. तुमचे तीन झालेत म्हणून ही ओळ दोनदा वाचा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, थेट प्रश्न १४ वर जा.

४. "काळ हेच औषध" हे खोटं का मग?

ताज्या दुःखाच्या बाबतीत बरंचसं खरं. जुन्याच्या बाबतीत अर्धवट. मोडलेलं हाड काळ जोडतोच. पण ते सरळ बसवलं नसेल तर वाकडं जुळतं, आणि मग माणूस तसाच चालायला शिकतो. तसं चालणं म्हणजेच आपला स्वभाव, असं त्याला वाटायला लागतं. "मी अशीच आहे, माझा कुणावर विश्वास बसत नाही" हे वाक्य ऐकलं की मला नेहमी विचारावंसं वाटतं: जन्मापासून?

५. छातीत खरोखर दुखतं. हे मनाचं की हृदयाचं?

आधी ईसीजी काढा. मनाचंच असेल असं घरी बसून ठरवू नका, विशेषतः दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल तर.

आणि "मनाचं" व "हृदयाचं" यांच्यात वाटतं तेवढी भिंत नाही. तीव्र मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून कमजोर होण्याचा एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी तो १९९० च्या सुमारास ओळखला आणि ऑक्टोपस पकडायच्या तिकडच्या मडक्यावरून त्याला 'ताकोत्सुबो' नाव दिलं, कारण फुगलेला कप्पा तसा दिसतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात, बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात; पण दोघांतला फरक तपासणीतच कळतो. नवरा गेल्यावर आठव्या दिवशी सासूबाईंच्या छातीत दुखलं तर "रडून रडून झालंय" म्हणून त्यांना झोपवू नका.

६. "बरं व्हायचं ठरवा" असं सगळे म्हणतात. ठरवायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्त आहे. नुसतं ठरवून कुणी बरं होत नाही. दुखणं आपण निवडलेलं नसतं. त्याच्याशी रोज कसं वागायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

एका गृहस्थांचं सांगते. चादरी-टॉवेलचा धंदा, वडिलांच्या मागे भावा-भावांत वाटणी झाली. मोठ्या भावाने चांगला गाळा घेतला, यांच्या वाट्याला मागची खोली आणि चार जुने यंत्रमाग आले. दहा-अकरा वर्षं झाली. लग्न असो, बारसं असो, पंगतीला शेजारी जो बसेल त्याला ती गाळ्याची गोष्ट. बायको-मुलांना तोंडपाठ. मी त्यांना विचारलं, "गाळा आज तुमच्या नावावर झाला तर झोप लागेल?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी आई काहीच बोलली नाही हो."

म्हणजे दहा वर्षं भांडण गाळ्याचं चाललं होतं आणि सल होता आईच्या गप्प बसण्याचा. त्यावर ते कधी रडलेच नव्हते. संताप आणि कोर्टकचेरीच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

ठरवायचं ते इथून पुढे. पहिलं, नेमकं काय गेलं ते एका वाक्यात शोधायचं. पैसा, गाळा, लग्न यांच्या खाली जे असेल ते. दुसरं, त्याचं दुःख करायचं. जुन्या जखमेच्या बाबतीत हीच मोठी गंमत आहे, की तिला आधी ताजी व्हावं लागतं. त्या गृहस्थांचे पुढचे काही आठवडे वाईट गेले, बायको म्हणाली, "आधी बरे होते." तिसरं, एक छोटी गोष्ट बदलायची. त्यांनी पंगतीत ती गोष्ट सांगणं थांबवलं. भावाला मिठी मारली वगैरे काही नाही; आजही जाणं-येणं बेताचंच आहे.

उगाळणं आणि बघणं यातला फरक लोक विचारतात. अर्धा तास विचार केल्यावर काही नवं हाती आलं, अगदी "मला आईचा राग आहे" एवढं जरी कळलं, तरी ते बघणं. तेच चक्र, तोच खलनायक, तेच "त्याने असं करायलाच नको होतं", तर उगाळणं. अशा वेळी उठा. कुढत बसण्यापेक्षा कंबर तलावावर एक फेरी मारून आलात तरी चालेल.

७. लिहून काढल्याने खरंच फरक पडतो का?

काहींना पडतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईट वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. सरासरी फायदा दिसतो, पण तो लहान आहे, चमत्कार नाही.

शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका, लिहून फाडलंत तरी हरकत नाही. ज्या भाषेत ते घडलं त्या भाषेत लिहा. सोलापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत उर्दू-हिंदी आणि शाळेत मराठी असं अनेकांचं असतं. आईने तेलुगूत मारलेला टोमणा मराठीत उतरवला की निम्मा विझतो. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा.

दुःख अगदी ताजं असताना हे करू नका. लिहिताना अंग थरथरायला लागलं, घटना पुन्हा समोर घडतेय असं वाटलं, तर वही मिटा आणि ते काम जाणकार माणसासोबत करा.

८. माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही, हे खरं का?

नाही. माझं हे मत काहींना आवडत नाही, पण घाईघाईने दिलेली माफी मी फार वेळा नासलेली पाहिली आहे. घरातल्या मोठ्यांनी "पाया पड, विषय संपव" म्हणून करून घेतलेली माफी तर माफी नव्हेच.

राग ओसरला की माफी कधीकधी आपोआप येते. आली तर छान. तिचा आणि पुन्हा नातं जोडण्याचाही संबंध नाही: मनातून अढी काढून टाकूनही तुम्ही त्या माणसाच्या दारात आयुष्यभर पाऊल न ठेवण्याचं ठरवू शकता. ज्याने दुखावलं तो वारला असेल, तरी हेच लागू. त्याने कबूल करायची वाट पाहत असाल तर ती वाट संपलीय, याचंच वेगळं दुःख होतं; ते करायला हवं.

९. ज्याचा त्रास आहे तो माणूस घरातच आहे. रोज तोंड बघावं लागतं. मग कसं बरं व्हायचं?

टोमणे, अबोला, जुनी भांडणं इतकंच असेल तर अंतर राखून, प्रश्न ६ मधली वाट चालता येते.

मारहाण, धमक्या, पैसे किंवा फोन काढून घेणं, जबरदस्ती हे चालू असेल तर ती जुनी जखम नाही. ती रोज होतेय, आणि रोज होणाऱ्या जखमेवर मनाचे उपाय सांगणं हा अन्याय आहे. आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश त्यांच्यामार्फत मागता येतो. मन बरं करायचं ते त्यानंतर.

१०. आईवडिलांनी हाल काढून वाढवलं. त्यांच्यामुळे मला त्रास झाला असं म्हणणं कृतघ्नपणा नाही का?

या शहरात हा प्रश्न फार खोल आहे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा ज्यांच्या वडिलांचं काम गेलं, ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. भोंग्यावर घड्याळ लावणारा माणूस अचानक दिवसभर घरी. कुणी दारूला लागलं, कुणी मुक्यासारखं झालं, कुणाचा हात बायको-पोरांवर उठायला लागला. आई विड्या वळून घर चालवायची आणि थकव्यातून करवादायची.

हे सगळं समजून घेतल्यावर त्यांच्याबद्दल कणव वाटते. वाटू द्या. पण त्यांचं कारण कळलं म्हणून तुमचं दुखलेलं खोटं ठरत नाही. "त्यांच्यावर वेळच तशी होती" आणि "मला फार भीती वाटायची" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडात राहू शकतात. आज ऐंशीच्या वडिलांना समोर बसवून जाब विचारलाच पाहिजे असं नाही. बऱ्याचदा त्यांना तो प्रसंग आठवतही नाही आणि तुमच्या पदरी दुसरी जखम येते.

११. मिस्टर जाऊन वर्ष होत आलं. अजून त्यांची चप्पल दारातून हलवली नाही. माझं काही बिघडलंय का?

नुसत्या चपलेवरून नाही. तुम्ही जेवता, कुणाशी हसता-बोलता, वर्षश्राद्धाची तयारी करता, तर चप्पल राहू द्या. ज्या दिवशी उचलावीशी वाटेल त्या दिवशी उचला.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या क्रमाने चढायच्या, असं मोबाइलवर फिरत असतं. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टरांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून नव्हे.

लांबलेला शोक नावाचं निदान मात्र आता अधिकृत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत किमान सहा महिने, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या व्याख्येत मोठ्या माणसांसाठी बारा महिने, अशी मुदत धरतात. पण मुदतीपेक्षा महत्त्वाचं हे, की ओढ आणि वेदना रोजचीच आहे का, ते गेले हेच मन मानत नाही का, त्यांच्याशिवाय जगण्यात काही उरलंच नाही असं वाटतं का, आणि त्यापायी रोजचं जगणं ठप्प झालंय का. असं असेल तर त्यासाठी खास उपचार आहेत, आणि ते उपयोगी पडतात.

१२. जरा बरं वाटायला लागलं की अपराधी वाटतं. हसले की लगेच स्वतःचाच राग येतो.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकातला माणूस दोन टोकांत ये-जा करतो: कधी दुःखात बुडतो, कधी वीजबिल, पोरांची फी, शेजारणीचा विनोद यांत रमतो. ही ये-जा म्हणजेच सावरणं. हसलात म्हणून गेलेल्याचं प्रेम कमी झालं नाही. सगळ्यात आधी बोट दाखवणारे नातेवाईक सहसा बिल भरायला येत नाहीत, हे जाता जाता.

१३. अक्कलकोटला दर गुरुवारी जातो, पंढरीची वारी करतो. तेवढं पुरेसं नाही का?

पुष्कळांना त्याने खरा आधार मिळतो. चालणं, सोबत, ठरलेला दिवस, आपल्याहून मोठ्या कुणापुढे रडायची मोकळीक: यातलं एकही किरकोळ नाही. सोडू नका.

फक्त एक बघा. तिथून परतल्यावर घरातल्यांशी वागणं थोडं मऊ होतं का? की गुरुवारी शांत आणि शुक्रवारी पुन्हा तोच आरडाओरडा? दुसरं असेल तर जोडीला समुपदेशनही घ्या. स्वामींची त्याला हरकत नसावी. मात्र "औषधं बंद कर, करणी आहे" असं सांगून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

१४. सोलापुरात जायचं कुणाकडे? लोकांना कळलं तर?

आत्ता या क्षणी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एकटं राहू नका. कुणाला तरी जवळ बोलवा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे; चोवीस तास, मोफत. मराठीशिवाय तेलुगू, कन्नड, उर्दूतही बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा सरळ सिव्हिलचा अपघात विभाग.

एरवी सिव्हिलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि मानसिक आजारांची ओपीडी विचारायची. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात; समुपदेशक बोलण्यातून काम करतात, औषध देत नाहीत. नैराश्यावरची औषधं लागू पडायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटल्यावर आपल्या मनाने तोडूही नका.

लोकांचं म्हणाल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. नवी पेठेतली मावशी तुम्हाला ओपीडीबाहेर बघेल, ही भीती खरी आहे. तिच्यावर कायदा नाही. पण ती तिथे काय करत होती, हेही विचारता येतं.

१५. पूर्ण सावरलो होतो. गड्ड्याच्या यात्रेत ती नवऱ्याबरोबर दिसली आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. दोन वर्षं वाया गेली का?

नाही गेली. होम मैदान, संक्रांतीची गर्दी, पाळण्यांचा आवाज, भज्यांचा वास. दोघं पूर्वी तिथेच फिरला असाल, तर शरीराने ते सगळं एकदम ओळखलं. आठवण अशीच येते, जागेला आणि वासाला चिकटून.

तपासायचं ते एवढंच, की यावेळी परत यायला किती वेळ लागला. मागे सहा महिने उठता येत नव्हतं, यंदा आठवडाभरात कामावर रुजू झालात, तर तुम्ही बरे होता आहात. पुढच्या वर्षी यात्रेला जाताना एकटे जाऊ नका. यात्रा टाळू मात्र नका; टाळत गेलं की एकेक करून सगळं शहरच वर्ज्य होतं, आणि सोलापूर काही एवढं मोठं नाही.

१६. आणि मला बरं व्हायचंच नसेल तर?

चालेल. हे उत्तर ऐकून लोक दचकतात. काही दुःखं माणूस जपतो, कारण गेलेल्या माणसाचं तेवढंच हाती उरलेलं असतं. काहींना भीती असते, की मी बरी झाले तर ज्याने केलं तो सुटला. काहींना खरंच आत्ता ताकद नसते. दोन मुलींची लग्नं, सासऱ्यांचं पॅरालिसिस, त्यात मनाचं कुठे काढणार? त्यांनी आजचा दिवस ढकलणं हेच पुरेसं काम आहे.

अपवाद दोन. मरणाचे विचार असतील तर प्रश्न १४. आणि तुमच्या जखमेचा मार घरातली पोरं खात असतील, शब्दांनी किंवा हातांनी, तर तुम्हाला इच्छा असो नसो, या आठवड्यात कुणाशी तरी बोला. स्वतःसाठी म्हणून यायचं नसेल तर मुलाचा अभ्यास होत नाही असं सांगून या. पुष्कळजण तसेच येतात.